कढई, गळ आणि मास्तरांच्या घशातला काटा

मी, रोझिबाय सत्तोरोव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मासे धरणे व तळून विकणे, राहणार चिनाझ, सिरदर्या नदीच्या पुलाजवळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझे व्याही कोझिम मास्तर यांचे मत निराळे आहे. "पाहुण्यांच्या पुढ्यात जो झोगोरा मासा वाढतो, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं," असे ते गेली चौदा वर्षे बाजारभर सांगत आहेत. त्याचा निकाल याच कागदाच्या शेवटी लागेल.

कलम एक. राहते घर, जर्दाळूची दोन झाडे व गाय मुलगा शेरली यास. तो ताश्कंदला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो आणि मासा दिसला की नाक मुरडतो. पोटचा आहे, त्याला इलाज नाही.

कलम दोन. गळाच्या तीन काठ्या शेजारच्या नानवाल्या खोलिदा आपांना. साठाव्या वर्षी त्यांना मासे धरायची हौस आली आहे. आपा, झोगोरा म्हणजे साधासुधा कार्प, पण तो भोळा नव्हे. सरकीच्या पेंडीची गोळी तो तोंडात घेतो, चव बघतो, थुंकतो, पुन्हा घेतो. बूच दुसऱ्यांदा बुडेपर्यंत हात आवरावा. तंदूरपाशी जो धीर धरता, तोच इथे धरावा. लागला की तो बोरूच्या बेटात घुसून तुम्हाला रडवील, तरी दोरी सैल सोडू नये. शहरातले लोक ट्राउटला तिप्पट भाव देतात आणि याला चिखलातला मासा म्हणून हिणवतात. गाजरही चिखलातूनच निघते, आणि त्यावाचून यांचा पुलाव होत नाही.

कलम तीन. पुलाजवळची टपरी, हुर्सनोयची मोठी कढई व तिची सुरी सूनबाई मुहाय्यो हिला. हुर्सनोय म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चार हिवाळे झाले. मुहाय्यो ही कोझिम मास्तरांची मुलगी. सरकीच्या कडकडीत तेलातून तुकडा काढून ती लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात बुडवते, तेव्हा पुलावरचे ट्रक थांबतात. पण मागच्या महिन्यात ती मला म्हणाली, "दादा, तुमच्या मागं ही कढई मी बंद करणार. मटणाचे कबाब लावीन."

"का गं?"

"माझा बाप रोज समोरून जातो आणि मान फिरवतो. चौदा वर्षांत माझ्या हातचा एक घास खाल्ला नाही त्यांनी. कबाबाला तरी येतील."

"येतील की! पण तू मटण जाळतेस, पोरी."

ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. त्या दिवसापासून मला झोप नाही. ही कढई थंडावली तर हुर्सनोयचे या जगात काही उरणार नाही. म्हणून पुढचे कलम लिहितो.

कलम चार, कबुलीचे. शेरली-मुहाय्योचे लग्न ठरले, रिवाजाप्रमाणे दोन्ही घरांनी मिळून नान मोडला, त्या दिवशी मास्तरांच्या घशात झोगोऱ्याचा काटा अडकला. अर्धा नान कोरडा गिळल्यावर तो उतरला. मग मास्तर पन्नास माणसांत गरजले, "विहीणबाईंना मासा चिरता येत नाही!" हुर्सनोय मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

तो मासा तिने चिरलाच नव्हता. मी चिरला होता. झोगोऱ्याला गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर चिरा पाडाव्या लागतात, म्हणजे तेल आत शिरून बारीक काटे कुरकुरीत होतात. मला नवी चपान, म्हणजे सणाचा लांब अंगरखा, घालून पाहुण्यांत मिरवायचे होते. घाईत बोटाबोटाच्या अंतरावर चिरा मारल्या आणि उठलो. तिला ठाऊक होते, पण मरेपर्यंत तिने तोंड उघडले नाही. मीही नाही. मला याची फार लाज वाटते. मास्तर, दोष माशाचा नाही, तिचाही नाही.

कलम पाच. साक्षीला मी मुद्दाम व्याह्यांनाच बोलावले आहे. हा कागद वाचून, मुहाय्योच्या हातचा एक तुकडा खाऊन, मगच माझी बुद्धी शाबूत आहे की नाही ते त्यांनी लिहावे. नाही म्हणाले तर हे मृत्युपत्र फाडावे आणि कबाब लावावेत.

चिनाझ येथे, टपरीच्या बाकावर बसून, राजीखुशीने सही केली.
रोझिबाय सत्तोरोव

साक्षीदार १ : खोलिदा नानवाली. सही माझ्यासमोर झाली. काठ्या आजच घेऊन जाते, मरायची वाट कोण बघतो!

साक्षीदार २ : मी, कोझिम मास्तर. मजकूर वाचला. विहीणबाईंच्या कबरीवर उद्या सकाळी जाऊन माफी मागेन. सहा तुकडे खाल्ले, काटा लागला नाही. व्याह्यांची बुद्धी आज शाबूत आहे. नान मोडला त्या दिवशी नव्हती. कागदावरचा तेलाचा डाग माझा. मुहाय्यो डोळे पुसत सातवा तुकडा आणायला गेली आहे, म्हणून तारीख मीच घालतो : १७ नोव्हेंबर २०१९.