बरोबर कोण आहे?

रावेर,
२२ नोव्हेंबर १९९१

प्रिय कुंदा,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण काय ते पहिल्याच ओळीत लिहायची आपल्याकडे रीत आहे, पण मी ते खाली ठेवलंय. ते लिहायला हाताला जरा वेळ लागणार आहे. तू शेवटपर्यंत वाचशील असं धरून चालते. माय गेल्यापासून तुझी पत्रं येतात ती संक्रांतीला आणि दिवाळीला, दोन्हींत मजकूर एकच, फक्त तिळगुळाच्या जागी फराळ. तक्रार नाही. माझी उत्तरंही तसलीच होती. खरं तर फोनच करणार होते, पण इथला एसटीडी बूथ झुंबरलालच्या दुकानात, आणि काचेच्या आत बोललेलं बाहेर साखर घ्यायला आलेल्याला आधी कळतं.

घरचं सगळं बरं आहे. तुझे भाऊजी फ्रूटसेल सोसायटीत होते तिथेच आहेत. केळीच्या गाड्या रवाना झाल्या की घरी येतात, जेवतात आणि रेडिओ छातीवर ठेवून झोपतात. भिकन भुसावळला रेल्वेत चिकटलाय. सून इथे माझ्याजवळ, तिला सातवा चाललाय. पहिलं बाळंतपण असून माहेरी जायला तयार नाही, म्हणते, आई, तुम्ही आहात ना. ऐकायला बरं वाटतं. पण कुंदा, मी थकले आहे. कामानं नाही, काम तर अंगवळणी पडलंय. एका बाईनं मला थकवलंय.

ही बाई आमच्याच गल्लीतली, पन्नाशी उलटलेली. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली आणि आता पोळ्यापासून तिच्या अंगावरून परत लाल जायला लागलंय. आधी थेंब थेंब होतं, आता तसं राहिलं नाही. कुणाला सांगत नाही. जुनं लुगडं फाडून घड्या करते, सगळे उठायच्या आधी धुते आणि परसात दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळवते, नव्यानं मोठ्या झालेल्या पोरीसारखी. दवाखान्यात जा म्हणून मी तिच्यामागे लागले, समजावलं, रागावले. नाही म्हणजे नाही. तू म्हणशील, अक्का, आणि बाई तुझं ऐकत नाही? तेच तर सांगतेय.

मी मॅट्रिक आहे आणि डॉक्टरांशी न अडखळता बोलते, एवढ्या भांडवलावर या गल्लीनं मला दवाखान्यावाली अक्का करून ठेवलंय. बाईमाणसाला कुठे न्यायचं झालं की आधी माझ्या दाराची कडी वाजते. नवरे भाडं हातावर ठेवतात आणि सुटतात. आणि मी गेल्याशिवाय भागतही नाही, कारण डॉक्टरांनी 'काय होतंय?' विचारलं की आपल्या बाया म्हणतात, 'काही नाही.' ठेवणीतलं लुगडं नेसून, बसचे धक्के खाऊन, सकाळपासून बाकावर ताटकळून तिथे सांगायचं काय, तर काही नाही. मग डॉक्टर माझ्याकडे बघतात आणि मी सगळं सांगते. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना असा कंठ फुटतो की मागच्या बाकावरच्या परक्या बाईलाही सगळा इतिहास कळतो.

आमच्याकडे दुखण्यांचीही गावं ठरलेली आहेत. ताप-खोकला रावेरचा. हाड मोडलं, बाळंतीण अडली तर भुसावळ. आणि भुसावळवाले ज्याला हात लावत नाहीत ते 'नशिराबादच्या पुढचं', म्हणजे जळगावचं, पण जळगावचं नाव कुणी घेत नाही. अमक्याला काय झालंय विचारलं तर मान हलवून सांगतात, नशिराबादच्या पुढचं आहे. शेजारच्या वनाभाऊच्या घरातले तिघं त्या रस्त्यानं बसून गेले आणि आडवे होऊन परत आले. म्हणून हा पायाची जखम काळी पडेपर्यंत फडकं गुंडाळून केळीला पाणी देत हिंडला. मला म्हणाला, "अक्का, नशिराबाद गेलं का मानूस गेलं." शेवटी मीच त्याला ओढत नेलं. पाय घोट्यापासून गेला, वनाभाऊ आहे. आता कुबडी टेकत माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दवाखान्यात जायचा उपदेश करतो.

सुंदरबाईचं कारण निराळंच होतं. "मले काय धाड भरली? चांगली फिरू ऱ्हायली," असं म्हणत ती गळ्याची गाठ पदरानं झाकायची. खूप खोदल्यावर कळलं, तिला दुखण्याची भीती नव्हती, दाखल व्हायची होती. आपण आठ दिवस घरात नसलो आणि घर नीट चाललं, तर इतकी वर्षं आपण केलं काय, असं तिला वाटत होतं. मी तेव्हा हसले होते. मारवाडी गल्लीतल्या धापूबाई तर पर्युषण पार पडेपर्यंत छातीतली कळ दाबून बसल्या, का, तर डॉक्टर उपास मोडायला लावतील. दारात मोटार उभी होती त्यांच्या. पैसा नाही म्हणून लोक दवाखान्यात जात नाहीत असं म्हणतात, तसेही असतीलच, पण मी ज्यांना ओढत नेलं त्यातल्या बहुतेकांच्या मनात दुसरंच काहीतरी अडलेलं असायचं. सगळ्यांना मी एकच ऐकवलं, दुखणं अंगावर काढू नका, अंगावर बाळगायला ते काय सोनं आहे?

ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली ती मायपासून, आणि तिथूनच तू आणि मी तुटलो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आपण त्यावर एकदाच बोललो आणि तेही ओरडून. त्या वर्षी अखाजीला आपण माहेरी पारोळ्याला जायच्या ऐवजी मायच माझ्याकडे आली. घास उतरत नव्हता, भाकरी दुधात कुस्करून गिळायची. मी तिला जळगावला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, तिला आतच बसवलं आणि बाहेर येऊन विचारलं, 'म्हातारीबरोबर कोण आहे?' मी उठले. त्यांनी मला जिन्याखाली नेऊन काय ते सांगितलं. मी आत गेले तेव्हा माय पायात चपला घालून तयार होती. म्हणाली, "काय म्हने डाक्टर?" मी म्हटलं, "काही नही माय, सूज शे." ती म्हणाली, "मंग चाल, बस लागनी." एवढंच.

तुला मी खरं कळवलं आणि तू पहिल्या गाडीनं धुळ्याहून आलीस. आल्या आल्या म्हणालीस, मी तिला सांगते, मरण तिचं आहे, तिला कुणाशी काही बोलायचं असेल. मी दारात आडवी उभी राहिले. मी मोठी म्हणून तू गप्प बसलीस, पण तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही, सगळं तोंडावर दिसतं. म्हणून तू तिच्यासमोर यायचंच टाळलंस आणि स्वयंपाकघरात पाट्याशी बसून राहिलीस. मायनं मला विचारलं होतं, "कुंदी काबर रडस?" मी म्हटलं, मिरची वाटतेय. तिच्या दहाव्याला तू मला म्हणालीस, अक्का, तू तिला कुणाशी शेवटचं बोलू दिलं नाहीस. मी म्हटलं, मी तिला दोन घास सुखानं खाऊ दिले. मी आजही तेच म्हणेन. हे पत्र भांडायला नाही, पण म्हणून मी मनात नसलेली माफी मागणार नाही.

तर कुंदा, गल्लीतली ती बाई मी आहे. तुला ते केव्हाच कळलं असेल, तू हुशार आहेस.

आधी मी स्वतःला सांगितलं, सुनेचं बाळंतपण होऊन जाऊ दे. मग सांगितलं, उष्णता असेल, दुर्वांचा रस घेऊन बघू. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी तिला दंडाला धरून बसमध्ये बसवलं असतं. गेल्या महिन्यात भिकनला चिवडा द्यायच्या निमित्तानं एकटीच भुसावळला गेले आणि एका बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. भल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी विचारलं, 'काय होतंय?' आणि मी, दवाखान्यावाली अक्का, म्हटलं, 'काही नाही, जरा कंबर धरते.' दुसरं काही तोंडातून निघेचना. त्यांनीच प्रश्नावर प्रश्न विचारून काढून घेतलं, तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, जळगावला दाखवायला हवं. मग विचारलं, 'तुमच्याबरोबर कोण आहे?' मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग जळगावला जाताना कुणाला तरी घेऊन जा. त्या प्रश्नाला इतकी वर्षं मी उठत आले. त्या दिवशी मी बसलेली होते आणि उठायला कुणी नव्हतं. बाहेर आले, बस पकडली आणि घरी येऊन पोळ्या केल्या.

आता कुणाला नेऊ सांग. तुझ्या भाऊजींना नेलं तर ते डॉक्टरांसमोरच रडतील आणि मग मला त्यांनाच धरून घरी आणावं लागेल. भिकनला नेलं तर तो जिन्याखालून परत येऊन म्हणेल, काही नाही आई, सूज आहे. सुंदरबाई आली तरी तेच म्हणेल. ही थाप या गल्लीत मीच रुजवली, मायनंतर कितीजणींना तीच सांगत आले. ती मारताना पदर कसा सावरायचा, नजर कुठे ठेवायची, लगेच चहाचं कसं काढायचं, सगळं मला पाठ आहे. त्यामुळे ते बोलायच्या आधीच मला कळेल, आणि वर त्यांना बरं वाटावं म्हणून मला पटल्यासारखं दाखवावं लागेल. मरणाची भीती वाटते, नाही कशी वाटणार, नातवंडाचं तोंड बघायचंय मला. पण त्याहून त्या नाटकाचा मला आत्तापासून कंटाळा आलाय. मी जात नाही ती या कंटाळ्यापायी. तुला ऐकून हसू येईल असं कारण आहे, पण हेच आहे.

आणि भुसावळच्या त्या बसमध्ये मला मायचं एक आठवलं. तिनं मला एकदाच विचारलं होतं. पुढे पाणीसुद्धा उतरेना, अंगावर कातडं उरलं, तरी डॉक्टर काय म्हणाले हे तिनं परत काढलं नाही. मी समजत होते, तिला पटलं. आता वाटतं, तिनं माझं तोंड बघितलं आणि मला सोडवलं. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही माझं. भाजी करपते, सून तशीच ताटात वाढून घेते.

तर पत्राचं कारण. त्या वेळी तू बरोबर होतीस की मी, ते मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचंही नाही. मला फक्त तू बरोबर हवी आहेस. येत्या गुरुवारी शाळेतून रजा काढ आणि धुळ्याहून सकाळच्या गाडीनं जळगावला ये. मी इकडून येते, नशिराबाद एकटीनं ओलांडीन, तेवढं जमेल मला. स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी थांबते. तिथून दवाखान्यात जाऊ. डॉक्टर बाहेर येऊन विचारतील, बाईंबरोबर कोण आहे, तेव्हा तू ऊठ. कदाचित खरंच काही नसेल, आणि तसं असलं तर जगात फक्त तुझ्या तोंडचं 'काही नाही' मला खरं वाटेल. आणि असलं, तर ते तुझ्या तोंडावर दिसेलच, लपवत बसू नकोस, पाट्यापाशी जाऊन बसू नकोस. तू आत येशील तेव्हा मी चपला घालून तयार असेन. मी विचारीन, काय म्हने डाक्टर? एकदाच विचारीन, कुंदा. दुसऱ्यांदा माझ्यानं विचारवणार नाही, म्हणून पहिल्याच वेळी खरं सांग.

आपण बोलत नव्हतो तेव्हाही तुझीच,
द्वारकाअक्का