हिरव्या दिव्याचा डबा

प्रिय रईस,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र एटापल्लीच्या एसटीवरच्या सोमाजीभाऊंच्या हाती देतेय. रानातली गावं डब्यांनी जोडायला निघालेल्या माणसाच्या फोनलाच रेंज नसावी, याला काय म्हणावं! हसू नकोस, मलाही आज हसू येत नाहीये. हातात पडताच सगळं वाच.

आठवतं, चंद्रपूरला तुझ्या घरी आपण वाघाची खबर देणारा डबा करायला बसलो होतो? रानातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की गावातला भोंगा वाजावा, एवढंच हवं होतं. यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा सोर्स कोड तुला नेटवर फुकट सापडला. कुणा भल्या परदेशी माणसानं मोठ्या संगणकासाठी लिहिलेला. तो तू आपल्या चिमुकल्या यंत्रावर चालवून दाखवलास, तेव्हा जमीलाचाचींनी शेवया केल्या होत्या. जोडणी झाली की हिरवा दिवा लागायचा. मी दिव्याकडे कमी आणि तुझ्याकडेच जास्त बघत होते, हे तुला कधी कळलं नाही, ढ कुठला.

पहिला डबा आमच्या गावात कलाबाईंच्या अंगणात बसला. त्याआधी बाया मोहफुलं वेचायला जायच्या त्या घोळक्यानं, थाळ्या बडवत, आरडाओरडा करत. डबा आला आणि ते सुटलं. कलाबाई म्हणायच्या, "डबा बोंबलला नाई म्हंजे वाघ नाई. मले कायचं भेव?" आणि उजाडायच्या आत एकट्याच निघायच्या.

परवा त्या परतल्या नाहीत. मोहाखाली भरलेली टोपली होती, थोडं पुढे लुगडं. मी धावत त्यांच्या अंगणात आले तर हिरवा दिवा लागलेलाच होता. रानातला कॅमेरा मात्र कधीचा बंद पडला होता. कोड पुन्हा वाचला तेव्हा उमगलं. समोरचं यंत्र जिवंत आहे का, हे अधूनमधून विचारायचं काम मोठ्या संगणकात दुसराच प्रोग्राम करतो. आपल्या डब्यात ते विचारणारं कुणीच नाही. एकदा जोडणी झाली की समोरचं यंत्र मेलं तरी डबा दिवा लावूनच बसतो.

रईस, तोच कोड तू तिकडे गावोगाव बसवतोयस, आणि मोहफुलं तिकडेही पडायला लागली असतील. सगळे डबे उतरव. बायांना सांग, पुन्हा घोळक्यानं जा, थाळ्या बडवत जा. तू हे वाचत असशील तेव्हाही समोर हिरवा दिवा लागलेला असेल. त्याचं ऐकू नकोस.

अजूनही तुझीच,
दिव्यानी