दारावरची तीन बोटं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नेसरी,
३०/१/१९९८

चि. महांतेश यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळं बरं हाय. गारठा लई हाय, गुडघं बोलाय लागल्यात. तू आणि सौंदर्या मजेत असशीलच. कोल्हापुरात राहणाऱ्या भावाला बहिणीला पत्र टाकायला सवड नसते, हे मी आता मान्य करून टाकलंय.

काम असं हाय, की बसवेश जीप घेऊन तुझ्या गॅरेजला येतोय. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला पोचे पडल्यात, मडगार्डलाही एक हाय. विचारलं तर आज म्हणतो बैलगाडी घासली, उद्या म्हणतो दगड उडाला. तुझे दाजी लिंगैक्य झाल्यापासनं वडापची, शिटा भरून न्यायची गाडी हे पोरगं एकटंच वडतंय. एक दिवस मोकळा ठेवत न्हाय, सोमवारसुद्धा न्हाय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पुढच्या महिन्यात सांगून आलेल्या त्या शिवांजलीच्या घरची माणसं त्याला बघाय येणार, तवा गाडी तरी सरळ दिसू दे. एकुलतं एक लेकरू हाय रे. ते घरात येईस्तवर माझा घास घशाखाली उतरत न्हाय.

हाय तो लोभ वाढव, कमी करू नको.
तुझी,
आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर,
७/२/१९९८

ती. आक्कास, महांतेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

टोमणा पोचला. सौंदर्या तर तो शेजारणीला वाचून दाखवून आली.

गाडीचं काम झालं. आतून ठोकून पत्रा सरळ केला, लांबीची पुट्टी भरली, घासली, रंग मारला. दुसऱ्या दिवशी शटर उघडून बघतो, तर दाराच्या ओल्या रंगात कुणीतरी तीन बोटं आडवी ओढलेली. कामावरच्या माणसांना शिव्या घातल्या, सगळं घासून पुन्हा रंग मारला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. सकाळी परत तेच. तेव्हा कुठं नीट बघितलं. वरचा पट्टा ठळक, खालचा ठळक, आणि मधला नुसता टेकल्यासारखा, पुसट. आक्का, दाजींचं मधलं बोट गुऱ्हाळाच्या चरकात निम्मं गेलेलं. ते कपाळाला विभूती ओढायचे ती अशीच उमटायची.

आपल्यात भूतखेत मानत नाहीत. मीही मानत नाही. तरी मी दारापाशी चपला काढून ठेवल्या, तुझ्यापासून कशाला लपवू. बसवेशला दाखवलं तर पोरगं दाराला डोकं टेकून रडलं. खंडेनवमीला दाजी जीपला विभूती लावायचे ते मला आठवलं आणि मी त्याला म्हटलं, "बापानं आशीर्वाद दिलाय लेका, बिनघोर जा." उद्या रविवारी तो गाडी घेऊन निघतोय. सोमवारी आजऱ्याचं लग्नाचं भाडं आहे म्हणे. पट्टे तसेच ठेवलेत, त्यावर रंग घालायला मन धजलं नाही.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझा,
महांतेश


नेसरी,
११/२/१९९८

चि. महांतेश यास आशीर्वाद.

बसवेश सुखरूप हाय, हे आधी लिवते. गाडी गेली.

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं, तवर सगळं होऊन गेलतं. सोमवारी वऱ्हाड आजऱ्यात उतरवून तो मोकळाच परत निघाला. वाटेत चहाला थांबला. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. कप तोंडाला लावतोय तवर गाडी दगडावरनं चढून ओढ्यात गेली. चहावाला शपथ घेऊन सांगतो, की गाडी उताराला न्हाय, आधी चढाला गेली आणि मगच ओढ्यात कोसळली.

लई वर्सं शहरात राहिलास आणि इसरलास बघ. सोमवारी आपण बैल जुंपत न्हाय. ह्यांनी जीपलाही तोच नेम लावलेला. सोमवारी गाडी धुवायची आणि दारावर विभूतीची तीन बोटं ओढायची, म्हंजे आज ती जागची हलायची न्हाय. खंडेनवमीलाही ती दारातच उभी असायची की. निघताना ह्यांनी कधीच लावली न्हाईत. तो आशीर्वाद न्हवता रे. जाऊ नको म्हणून सांगणं होतं.

आता पोरगं गावातल्या हंबीररावांची जीप पगारावर चालवतो म्हणतंय, आणि तीही २३ तारखेच्या सोमवारपासनं. मी काय करू सांग. मला लई भ्या वाटाय लागलंय.

आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर,
१९/२/१९९८

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. आता जरा बरी बातमी. हंबीररावांची जीप बसवेशनं माझ्याकडेच आणली होती, दाराला पोचा होता. रंग मी स्वतः मारला आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बघितला. एक ओरखडा नाही. खडखडीत वाळला. दाजींचं जे काय होतं ते आपल्या गाडीपुरतं होतं, असं माझं मन सांगतंय. पोरगं कमावतं आहे, किती दिवस पदराखाली ठेवशील? जाऊ दे त्याला.

आशीर्वादाचा हात राहू दे.
महांतेश


नेसरी,
सोमवार, २३/२/१९९८

चि. महांतेश यास आशीर्वाद.

हंबीररावांची जीप कालपासनं आपल्या दारात उभी होती. सकाळी बसवेश आंघोळीला गेला. मी मनाशी ठरवलंच होतं. आईचं ऐकत न्हाय, तर बापाच्या हाताचं ऐकंल. वाटीत विभूती कालवली, मधलं बोट जरा दुमडून धरलं आणि जीपकडं गेले. पोटच्या पोराला फसवायचं म्हणून पाय उचलत न्हवता.

दारावर तीन बोटं आधीच ओढलेली होती. तू मारलेल्या त्या वाळल्या रंगात, पार पत्र्यापतोर. मधलं पुसट. हात लावला तर रंग माझ्या बोटाला आला. वाटी तिथंच पडली.

मी किल्ली नेऊन विहिरीत टाकली. बसवेश आधी ओरडला, मग दाराशी जाऊन बघून आला आणि चुलीपाशी बसला. हंबीरराव दुसरी किल्ली घेऊन आले. त्यांना मी पाया पडून सांगितलं, आज गाडी हलवू नका. ते हसले. फडक्यानं पुसलं, गेलं न्हाय, तर म्हणाले, तुमच्या भावाकडनं परत रंग मारून घिऊ. आणि स्वतःच चालवत गेले.

दुपारला परत येतो म्हणालते. आता दिवे लागायची येळ झाली. त्यांची बायको दोनदा इचारून गेली. बसवेश उंबऱ्यात उभा राहून रस्ता बघतोय, आणि मी त्याचा सदरा मागनं धरून बसलेय.

जीव लाव, लांब राहू नको.
आक्का