एडिटर, अगदी मुळापासून

३ फेब्रुवारी, सोमवार

तयार एडिटर मिळत असताना तो सोर्सपासून का बांधायचा? आज मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, हे विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. इथे खोटं कशाला लिहू, नाही आलं. पण प्रश्नच चुकीचा होता.

परिस्थिती अशी. वरच्या मजल्यावरच्या खोलीत सात जुने कॉम्प्युटर. त्यांच्यातली सिस्टिम माझ्याहून वयाने मोठी. २४ तारखेला संस्थेचे अध्यक्ष येणार. नववीच्या मुली यंत्रांवर काही करताना दिसल्या तर लॅब राहील, नाहीतर यंत्रं भंगारात आणि खोलीत मोडकी बाकं. या मुलींपैकी एकीच्याही घरी कॉम्प्युटर नाही. कॉम्प्युटर शिकवायला माझी नेमणूक महिनाअखेरपर्यंत, पुढचं पुढे.

मोठ्या बाई म्हणाल्या, अगं, पोरींनी एकेक पान टाइप करून दाखवलं तरी पुष्कळ झालं. मी म्हटलं, बाई, मी त्यांना स्वतः बांधलेला एडिटर देते. बाई म्हणाल्या, एडिटर म्हणजे ते लिहायचंच ना? मी हो म्हटलं. मन मोठं करावं लागतं.

यंत्रांत एक एडिटर आधीपासून आहे. त्यात नुसतं लिहिता येतं. शब्दांना रंग नाहीत, काही नाही. मुलींना असल्याची सवय लागायला नको.

संकल्प: शुक्रवारपर्यंत काम फत्ते.

४ फेब्रुवारी

घरी समजावून सांगितलं. सोर्स म्हणजे प्रोग्रॅम माणसाने लिहिला तसा. कंपायलर तो यंत्राला कळेल असा करून देतो. बाबा शिंपी. त्यांना लगेच कळलं. म्हणाले, म्हणजे कापड आणून मापाने शिवायचं, रेडीमेड घ्यायचं नाही! मी म्हटलं, बाबा, अगदी तेच. डोळे भरून आले. आई भांडी पुसता पुसता म्हणाली, तुझे बाबा स्वतःचे शर्ट रेडीमेड घेतात, विचार त्यांना.

बाबांनी विषय बदलला.

५ फेब्रुवारी

लॅबमधून सोर्स उतरवायला गेले. साइट उघडेना. म्हणे, सुरक्षेचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. आजची साइट, तिचं प्रमाणपत्र सुरू कसं नाही? म्हणजे जुन्या यंत्रांना हे लोक दारातही उभं करत नाहीत. यावर एक लेख लिहिणार आहे.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून सीडी करून आणली. पेनड्राइव्ह लावून पाहिला होता, यंत्राने ओळख दाखवली नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी

कंपायलेशन सुरू, एक नंबरच्या यंत्रावर. पडद्यावर ओळी धो धो. नववीतली चिमणी (आवाजामुळे पडलेलं नाव, मी नाही ठेवलं) दारातून बघत होती. म्हणाली, ताई, हे तुम्ही लिहिताय? मी म्हटलं, एका अर्थी.

मधूनच एक सूचना येते: या फाइलची तारीख भविष्यातली आहे. यंत्राला माझं काम काळाच्या पुढचं वाटतं. कौतुक स्वीकारलं.

त्याच दिवशी, शाळा सुटताना

निम्म्यात होतं, शिपाईकाकांनी मेन स्विच बंद केला. शाळा सुटली की मेन बंद, असा त्यांचा नियम. माहीत असतं तर थांबवलं असतं. माहीत होतं. पण विसरले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल जिथे थांबलं तिथून पुढे जायला हवं होतं. पहिल्या फाइलपासून सुरू झालं. जुनी यंत्रं थोडी हट्टी असतात. आपणही व्हायचं.

शुक्रवार होता हे खरं. पण कुठला शुक्रवार हे मी लिहिलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

बरंच पुढे जाऊन एरर. आपला कंपायलर फार जुना आहे. म्हणजे आधी नवा कंपायलर बांधायला हवा. नव्या कंपायलरला एक लायब्ररी हवी. (वाचायची नव्हे. प्रोग्रॅमना लागणारं तयार सामान.) त्या लायब्ररीला नवा कंपायलर हवा. तासभर कागदावर बाण काढत बसले. सगळे बाण फिरून पहिल्या चौकटीत आले. चित्र सुंदर झालंय, बोर्डावर लावते.

मोठ्या बाई डोकावल्या. विचारलं, झालं का गं? मी म्हटलं, बाई, पाया चाललाय. त्या म्हणाल्या, इमारत भाड्याची आहे, एवढं लक्षात ठेव.

११ फेब्रुवारी

मुली किती दिवस नुसत्या बसणार? कल्पना सुचली. प्रत्येकीने पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून आणायचा, खऱ्या मापाचा. त्यावर दहा बोटांनी सराव. मान वर, बोटं खाली, मी मजकूर सांगणार. वर्गात नुसता टप टप आवाज. फार समाधान वाटलं.

चिमणी म्हणाली, ताई, सहा खरे कीबोर्ड रिकामेच आहेत की. मी म्हटलं, यंत्रं अजून तयार नाहीत. ती म्हणाली, चालू तर होतात. या वयात मुलांना चालू होणं आणि तयार असणं यातला फरक कळत नाही.

१३ फेब्रुवारी

मुलींना थिअरी शिकवली. बोर्डावर लिहिलं: ‘मेक’ ही आज्ञा हुशार असते. झालेलं काम पुन्हा करत नाही. फाइलींच्या तारखा बघते, आणि मूळ फाइल नवी असेल तरच ती पुन्हा बांधते. मुलींनी सुबक अक्षरात उतरवून घेतलं.

तास संपवून एक नंबरवर मेक दिलं. पहिल्या फाइलपासून. पुन्हा.

शिपाईकाका आणि त्यांचा मेन स्विच. दुसरं कोण?

१४ फेब्रुवारी

शिपाईकाकांशी सविस्तर बोलले. आपण दोघं मिळून इतिहास घडवू शकतो, असं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, मेन चालू ठेवला तर मला घरी घास उतरत नाही. मी म्हटलं, काका, मुलींच्या भविष्याचा प्रश्न आहे. ते म्हणाले, आणि वायरिंगच्या?

शेवटी तयार झाले. एकदाच. माझ्या जबाबदारीवर, आणि शनिवार-रविवार ते दोनदा येऊन कुठे जळका वास येतोय का ते बघून जाणार या अटीवर.

नव्या कंपायलरचा नाद सोडला. एडिटरचीच जरा जुनी आवृत्ती आणली. ही माघार नाही. माणूस उडी मारण्याआधी जसा मागे जातो, तसं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झालं!!!

सकाळी खोली उघडली, पडद्यावर शेवटची ओळ, एरर एकही नाही. खाली एक बारीकशी सूचना होती: घड्याळात तफावत आहे, बांधणी अपुरी असू शकते. असू शकते म्हणजे आहे असं नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं, काम झालं, आता फक्त इन्स्टॉल. बाबांना फोन केला. बाबांनी दुकानात होती नव्हती त्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. माझ्या पदवीचं सर्टिफिकेट त्यांनी दुकानात आरशाशेजारी लावलंय. आज ते पुसलं म्हणे.

त्याच दिवशी, मधल्या सुट्टीनंतर

इन्स्टॉलची आज्ञा दिली. पहिल्या फाइलपासून पुन्हा बांधायला लागलं.

बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. शिपाईकाका जवळ आले आणि म्हणाले, मेन चालूच आहे हां, मी हात लावलेला नाही.

२० फेब्रुवारी

बाबांनी सात कव्हरं शिवली. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं कापड, निळं. परवा स्वतः येऊन टेप लावून मापं घेऊन गेले होते. प्रत्येकावर पांढऱ्या धाग्याने नंबर. शिवण इतकी नेटकी की यंत्रं आत लाजतील. अध्यक्षांच्या दिवशी तेही येणार आहेत. नवा शर्ट घेतला. रेडीमेड.

आई म्हणाली, कव्हरं झाली, यंत्रं कधी होणार?

मी जेवले नाही. म्हणजे आधीच जेवले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निर्णायक दिवस. इन्स्टॉल होत नसेल तर फाइली हाताने जागेवर ठेवायच्या. एडिटरची ठेवली. तो नवी लायब्ररी मागू लागला. मैत्रिणीच्या लॅपटॉपवरची सीडीवर आणली आणि जुनीच्या जागी ठेवली.

आता लिहिते ते माझ्याकरताच. त्या यंत्रातली प्रत्येक आज्ञा त्या लायब्ररीवरच चालते. प्रत्येक. फाइलींची यादी दाखव म्हटलं, नाही. जुनी परत ठेव म्हटलं, नाही. बंद हो म्हटलं, तेही नाही. शेवटी शिपाईकाकांना सांगितलं, मेन बंद करा. ते म्हणाले, आनंदाने.

पुन्हा चालू केलं. काळा पडदा.

२३ फेब्रुवारी, रविवार

विचार केला. दोष कुणाचा? कंपायलरचा, साइटचा, वीजमंडळाचा, आणि थोडाफार वातावरणाचा. माझा हेतू स्वच्छ होता.

उद्या बाबा येणार आहेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आले. अध्यक्ष, मोठ्या बाई, मागे दोन सदस्य. दाराशी बाबा, नव्या शर्टची घडी न मोडलेली. एक नंबरवर कव्हर घालून ठेवलं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, मुली काय करून दाखवणार? मी तोंड उघडलं. स्वावलंबन, मुक्त सॉफ्टवेअर, सोर्स वगैरे सुरू केलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत मोडकी बाकं स्पष्ट दिसत होती. सहा मुली पुठ्ठे मांडीवर घेऊन बसलेल्या. चिमणीने तिचा पुठ्ठा हळूच बाकाखाली सारला आणि हात खऱ्या कीबोर्डवर ठेवून बसली. नुसती बसली.

मी दोन नंबरपासून सात नंबरपर्यंत गेले आणि प्रत्येकावर तो जुना, बिनरंगाचा, नुसतं लिहिता येणारा एडिटर उघडून दिला. एकेक क्षण पुरला.

मुलींनी लिहिलं. माना वर, दहा बोटं, कीबोर्डकडे एकदाही न बघता. खोलीत नुसता टप टप आवाज, पण या वेळी अक्षरंही उमटत होती. अध्यक्ष वाकून बघत राहिले. म्हणाले, आमच्या ऑफिसातला माणूस दोन बोटांनी टाइप करतो. बाबांनी मागून कुणाला तरी सांगितलं, माझी मुलगी शिकवते.

मग मी प्रत्येक यंत्रावर फाइलींची यादी काढून दाखवली. सहा फाइली, सहा मुली. प्रत्येकीपुढे तारीख: १ जानेवारी २०००. अध्यक्ष हसले. म्हणाले, वा, या मुलींनी जन्माच्या आधीच निबंध लिहून ठेवलेत.

सगळे हसले. मी नाही. यंत्रांच्या आतला घड्याळाचा सेल संपलाय. मेन बंद झाला की रोज पहिली जानेवारी. आणि माझ्या सोर्सच्या फाइली आजच्या काळातल्या. त्यांच्यापुढे बांधलेलं सगळं कायम शिळं. मेक बिचारं तारखा बघत होतं, मी बोर्डावर लिहिलं होतं तस्संच. साइटचं प्रमाणपत्रही ठीकच होतं. गोल चपटा सेल, बोटाच्या नखाएवढा.

शिपाईकाकांना टाळून आज जरा लांबच्या वाटेने गेले.

२५ फेब्रुवारी

लॅब राहिली. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, अध्यक्षांचं म्हणणं, सगळं यंत्रांत आधीपासून होतंच, तर वेगळी नेमणूक कशाला? मार्चपासून शिवणाच्या बाई बसतील तिथे. तुझं काम चांगलं होतं गं, पण ते दिसत नव्हतं.

एक नंबर भंगारात जाणार. सहा पुरेत, असं ठरलं.

घरी सांगितलं. बाबा बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. मग म्हणाले, आणि कव्हरं? मी म्हटलं, कव्हरं ठेवणार आहेत. आई म्हणाली, चला, घरातलं एक तरी काम पास झालं. मग तिने माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. सहाही यंत्रांत नवे सेल घातले, तारखा लावल्या. सोर्सचं फोल्डर एक नंबरवरच होतं, त्यामुळे पुसावं लागलं नाही.

चिमणीने विचारलं, ताई, तुमचा तो एडिटर कसा असतो? आठवून बघितलं. मी तो एकदाही वापरलेला नाही. म्हटलं, रंगीत असतो.

मोठ्या बाईंनी निघताना तोच प्रश्न पुन्हा विचारला, आता चेष्टेने. मुळापासून का बांधायचं होतं गं? अजूनही सांगता आलं नाही. बाईंनी वाट मात्र पाहिली, घाई केली नाही.

एक नंबरच्या यंत्राबद्दल मी निर्णय घेतला आहे. भंगारवाला न्यायला आला तेव्हा ते जागेवर नव्हतं. मोठ्या बाईंची परवानगी होती. ते आत्ता बाबांच्या दुकानात आहे, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. आधी सेल बदलला. मग मूळच्या सीडीवरून सिस्टिम पुन्हा घातली, तिच्यासोबत तो बिनरंगाचा एडिटर आपोआप आला. मी त्याला हात लावलेला नाही. बाबा दोन बोटांनी गिऱ्हाइकांची मापं लिहितायत: छाती, कंबर, बाही. मी शेजारी पुठ्ठा घेऊन बसले आहे. उद्यापासून त्यांना दहा बोटं.