गिझरचा काटा माझ्या हातात

२ जानेवारी २००६, सोमवार

बंब मोडीत दिला. मोडवाल्यानं वजनात हात मारला, मी दोनदा तोलायला लावलं.

नव्या वर्षाचा संकल्प एकच: या घरात पुन्हा कुणी पोळणार नाही. गेल्या हिवाळ्यात बंबाच्या पाण्यानं ह्यांचा उजवा पाय पोळला. शुगरमुळे ह्यांच्या पावलांना गरम-गार कळत नाही. रेंजर म्हणून एटापल्लीचं सगळं जंगल पायी पालथं घातलेला माणूस, आणि आता चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नसतो. जखम भरायला तीन महिने लागले. डॉक्टर तहसीन स्पष्ट म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर बोटं वाचवायची हमी देणार नाही.

पुन्हा होणारच नाही. गिझर आणतेय. त्यात थर्मोस्टॅट असतो. माणूस चुकतो, थर्मोस्टॅट चुकत नाही.

४ जानेवारी, दुपारी ३

लियाकत मिस्त्री येऊन गिझर बसवून गेला. पंचवीस लिटर. मी मॅन्युअल घेऊन शेजारी उभी होते. एकेक कलम मोठ्यानं वाचलं, मराठीत समजावून सांगितलं. सेफ्टी व्हॉल्व? लावला. कट-आऊट? आहे. अर्थिंग? मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. स्वतंत्र वायर? मीटरपासून ओढली. शेवटी म्हणाला, बाई, तुमी वाचत राहा, मी लावत राह्यतो, दोघाईचं काम होते.

उद्धट. पण हात स्वच्छ.

थर्मोस्टॅटचा काटा खालच्या झाकणाच्या आत. पंचेचाळीसवर लावून त्यानं झाकण बंद केलं आणि मला म्हणाला, हे उघडू नका. मला! एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. कलेक्टर माझ्या परवानगीशिवाय नागपूरशी बोलत नसे.

जाता जाता म्हणाला, विसणाची बादली तरी जवळ असू द्या. मी ती बादली त्याच्यासमोर कामवाल्या सोमारीला फरशी पुसायला दिली. थर्मोस्टॅट असताना गरम पाण्यात गार ओतायचं म्हणजे डॉक्टरनं तपासल्यावर मांत्रिकाकडे जाणं.

६ जानेवारी, सकाळी ९

लोडशेडिंगचं नवं टाइमटेबल. सकाळी सहा ते नऊ. वीज आमच्या चंद्रपुरात तयार होते, राख आमच्या वाळवणावर पडते, आणि अंधारही आमच्याच वाट्याला. वीज ऑफिसला पत्र लिहिलं. इंग्रजीत. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, राग इंग्रजीत लिहिला की त्याला इस्त्री होते.

मी पावणेसहाला आंघोळ केली, पाणी उत्तम. ह्यांनी आठला केली. पाणी कसं होतं विचारलं. बरं होतं म्हणाले. मग नऊ वेळा शिंकले.

७ जानेवारी

आज बारा शिंका. लियाकतला फोन केला. म्हणाला, बाई, तुमी बादलीभर काढली का टाकीत तेवढंच थंडं पाणी शिरते. मंग लाईट जाते, ते तापन कशानं? साहेबाले पयले करू द्या आंघोळ, तुमी मंग करा. सोप्पं हाय.

सोपं त्याला. पहिल्या शिफ्टसाठी एकतीस वर्षं मी पावणेसहाला आंघोळ केली आहे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली म्हणून शिस्त सोडायची? प्रश्न आंघोळीच्या नंबरचा नाही, गणिताचा आहे. दोष लियाकतच्या पंचेचाळीसमध्ये आहे.

९ जानेवारी

गोल बाजारातून प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला. (तापाचा काल बादलीत बुडवताच फुटला. दर्जा.)

गणित: टाकी साठ अंशांवर. मी दहा लिटर काढते, दहा लिटर गार आत येतं. लाईट गेलेली, म्हणजे ते तापत नाही. ह्यांच्या वाट्याला येतं त्रेचाळीस. हे मला कळतं आणि मिस्त्रीला नाही, यात आश्चर्य नाही. मला गणितात डिस्टिंक्शन होतं.

१० जानेवारी, सकाळी ८.१५

मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं, काटा साठवर. आज ह्यांच्या बादलीत बेचाळीस! एका अंशाचा फरक, तोही थर्मामीटरचा असणार. एकही शिंक नाही.

ह्यांनी विचारलं, आणि एखाद्या दिवशी लाईट गेलीच नाही तर?

मी विचारलं, या जिल्ह्यात? गेल्या दोन वर्षांत असा दिवस दाखवा. मग त्यांनी गेल्या हिवाळ्यात बंबाजवळ कसा निष्काळजीपणा केला, मला हाक का मारली नाही, शुगर असताना तिळाचे लाडू कोण खातं, हे सगळं मी सांगितलं. बोलता बोलता चहा निवला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पटलं असावं.

१५ जानेवारी

पाच दिवस सलग: बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. आता रोज मोजायची गरज नाही. सिद्ध झालं.

सोमारी म्हणते, बाई, पाणी हातानं पाहून द्यावं. साहेबाच्या पायाले समजत नाई, तुमाले तं समजते ना? तिला थर्मोस्टॅट समजावून सांगितला. तिनं फरशी पुसायला घेतली.

२३ जानेवारी

वीज ऑफिसला चौथं पत्र. यात 'शेम' हा शब्द दोनदा वापरला.

२६ जानेवारी, सकाळी ९.३०

विजय!! आज लाईट गेलीच नाही! सहाला नाही, सातला नाही. चौथं पत्र लागू पडलं. सोमारी म्हणते आज झेंडा हाय म्हणून नाई गेली. अशा लोकांमुळे देशात कुणी पत्र लिहीत नाही.

मी आंघोळ करून सातलाच एक्स्चेंजच्या झेंडावंदनाला गेले होते. परतले तेव्हा हे आंघोळ उरकून व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. पायात मोजे. शाब्बास. वर्षभर सांगतेय, पाय झाका.

२७ जानेवारी

लाईट पुन्हा सहाला गेली. पाचवं पत्र.

आजही हे मोजे घालून. फिरायला गेले नाहीत, थंडी आहे म्हणाले. मी कौतुक केलं. माणूस या वयात सुधारतो, फक्त सांगणाऱ्यानं थकायचं नसतं.

२८ जानेवारी, दुपारी २

धुवायला टाकलेला मोजा घेऊन सोमारी स्वयंपाकघरात आली. आतून पिवळा, चिकटलेला. म्हणाली, बाई, साहेबाचा पाय पाह्यला का तुमी?

उजव्या पायाची दोन बोटं. फोड येऊन फुटलेले.

संध्याकाळी ७

डॉक्टर तहसीनकडून आलो. वेळेत आलात म्हणाल्या. बोटं वाचतील, पण रोज ड्रेसिंग, आणि पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही.

त्यांनी ह्यांना विचारलं, कधी झालं? हे म्हणाले, सव्वीसला. पहिला तांब्या पायावर घेतला, दुसराही पायावर. तिसरा गुडघ्यावर घेतला तेव्हा कळलं.

म्हणजे तीन दिवस! डॉक्टर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, काका, घरात सांगितलं का नाही?

हे म्हणाले, डॉक्टर, पाय दुखतच नाही. बोलणं दुखते.

डॉक्टर हसल्या. ड्रेसिंग करणारी नर्ससुद्धा हसली. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. रिक्षात मी दुकानांच्या पाट्या वाचत बसले. हे दोनदा म्हणाले, अवं, बोल ना काई.

२९ जानेवारी

गिझर कंपनीला पत्र लिहायला घेतलं. 'Dear Sir, it is with the deepest indignation' इथवर छान जमलं. पुढे कारण लिहायचं होतं. एक कागद फाडला. दुसरा फाडला. तिसरा तसाच ठेवला.

लियाकतला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, काटा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल म्हणून मी तयार होते. उत्तरही तयार होतं. त्यानं काटा पंचेचाळीसवर आणला, झाकण लावलं आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसला. दोघं अर्धा तास हळू आवाजात बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले.

३० जानेवारी, सकाळी ६.१०

पावणेसहाला ह्यांची आंघोळ. पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, पाय स्टुलावर. पाणी मी कोपरानं पाहिलं, मग हातानं. मग तांब्याभर खांद्यावर घातलं आणि विचारलं, ठीक आहे ना? जास्त गरम नाही?

हे म्हणाले, तू म्हणशील तसं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.