मारफत नको

९ जानेवारी १९५५, कल्याण

मिळाली! म्हणजे नोकरी नव्हे — परवानगी!

आंबिवलीच्या एका कारखान्याला टेलिफोनच्या बोर्डावर बसायला बाई हवी आहे. मॅट्रिक झालेली, स्पष्ट आवाजाची, इंग्रजी बोलणारी. जाहिरात ह्यांनीच कापून आणली आणि जेवताना हळूच आईंच्या — म्हणजे सासूबाईंच्या — पाटाशेजारी ठेवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "सोवन्यांची सून कारखान्यात? परक्या पुरुषांशी दिवसभर बोलणार?" हे म्हणाले, "दिसणार कुठे आहेत ते, आई? नुसता आवाज!"

शेवटी ठरलं ते असं — अर्ज एकदाच. जमलं तर जमलं. नाही जमलं तर नोकरीचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. मी लगेच हो म्हटलं, नाहीतर त्यांचं मन फिरायचं.

लग्नाला पाच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन खोल्या झाडून, स्वयंपाक आटोपून अकरा वाजतात आणि मग पुढे काय, असं होतं. हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे.

११ जानेवारी

अर्ज टाकला. नाव — चित्रा हरिहर आगाशे. सर्टिफिकेटावर तेच आहे, तेव्हा अर्जावरही तेच हवं, असं ह्यांच्या ठाण्याच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनी सांगितलं. किती वर्षांनी लिहिलं! लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'उत्तरा' लिहिलं, त्या दिवशी चित्रा जी गेली ती गेलीच. उत्तरा नाव सासूबाईंनी निवडलेलं. छान आहे. पण पहिले सहा महिने हाक मारली तरी मी वळून बघत नसे. सासूबाईंना वाटलं, सून बहिरी मिळाली!

हे म्हणाले, "पत्त्यात माझं नाव घाल, मारफत म्हणून. पोस्टमनचा घोटाळा नको."

मी म्हटलं, "मारफत नको. एक तरी पत्र नुसतं माझ्या नावावर येऊ दे."

हसले. "बरं, चित्राबाई!" — आणि छत्री घेऊन निघूनही गेले. मी आपली दारात उभी, वेड्यासारखी हसत.

१४ जानेवारी

तिळगूळ देताना सासूबाई म्हणाल्या, "गोड बोल. टेलिफोनात तर जास्तच गोड बोल." विरघळतायत!

१६ जानेवारी

आज तालीम. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी. सासूबाई पडद्याआड चुलीपाशी, कानाला पळी. हे साहेब, हातात घड्याळ. बाहेरून फोन आला की आधी "कोण बोलतंय" विचारायचं, असा साहेबांचा हुकूम.

"नमस्कार. कोण बोलतंय?"

"सुधीरची आई."

(ह्यांचं नाव लिहिलं! पण बोलणं त्यांचं आहे, माझ्याकडे दोष नाही.)

"आपलं नाव सांगा, बाई."

"सांगितलं की. सुधीरची आई. चाळीत कुणालाही विचार, याच नावाने घर दाखवतील."

पुढे मॅनेजर मागायचे सोडून लिंबाच्या लोणच्याला बुरशी कशी लागली ते दहा मिनिटं सांगितलं. साहेब गडाबडा लोळायचे बाकी होते.

१९ जानेवारी

सासूबाई आज तापलेला शेठ झाल्या. "तासभर थांबलोय! तुमच्या कारखान्याला टाळं लावा!" मी खुदकन हसले. पडदा बाजूला सारून बाहेरच आल्या. "हसतेस काय? शेठ तापलाय आणि ही दात काढतेय! आवाज खाली घे. 'जरा थांबा हं, जोडते' म्हण. तुझ्या सासऱ्यांपुढे मी तीस वर्षं 'जरा थांबा हं, वाढते' म्हणत आले. माणूस निम्मा तिथेच निवतो."

जाहिरात ऐकल्यावर नाक मुरडणारी बाई ती हीच का!

२५ जानेवारी

पत्र नाही.

२८ जानेवारी

मागच्या गल्लीतल्या नंदाकडे हळदीकुंकू. वाणाला कंगवे. हातावर अत्तर लावता लावता म्हणाली, "अगं, मला आंबिवलीचं बोलावणं आलं. तीन तारखेला मुलाखत. पत्रं तर आठवड्यापूर्वीच सुटलीयत म्हणे!"

"वा वा!" म्हटलं. उखाणाही घेतला. कसा घेतला, माझं मला ठाऊक.

घरी येऊन मटार सोलत बसले. सासूबाई म्हणाल्या, "डोळे का लाल?" मी म्हटलं, "कांदा." त्यांनी ताटातल्या मटारांकडे बघितलं. अर्ध्या शेंगा स्वतःपुढे ओढून सोलायला लागल्या. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

२९ जानेवारी

काय लिहू?

शनिवार, म्हणून हे दुपारी जेवायला घरी. आमटी वाढता वाढता सासूबाई सहज म्हणाल्या, "हा नवा पोस्टमन, दगडू, भारीच गोंधळ्या आहे. मागच्या आठवड्यात कुणा चित्रा आगाशेचं लांबडं पाकीट घेऊन दारात. म्हटलं, बाबा, अशी कुणी नाही इथे. सोवनी राहतात. घेऊन जा."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"आई," हे म्हणाले, "चित्रा म्हणजे ही."

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. आमटी लुगड्यावर सांडली, ती पुसायचंही भान नाही.

हे तसेच उठून पोस्टात गेले. पाकीट केव्हाच परत गेलंय.

३० जानेवारी

दिवसभर बोलले नाही. रोज दहा वेळा हाक मारणाऱ्या बाईला माझं नाव ठाऊक नाही! की ठाऊक होतं? परत पाठवलं की विषय संपला, घरातली सून घरात! — नाही, असं मनात आणणंही पाप. पण आलं.

संध्याकाळी जवळ येऊन बसल्या. "लग्नाच्या बोलणीत ऐकलं होतं गं. नंतर उत्तरा, उत्तरा करता करता पार पुसून गेलं."

मी फटकन बोलले, "तुम्हाला तुमचं तरी माहेरचं नाव आठवतं का?"

रेशनकार्डावर जानकी आहे, तेही सासरचंच. सासूबाई उठल्या आणि घासलेली समई पुन्हा घासत बसल्या.

फार बोलले मी. आणि मारफत नको म्हणून हट्ट कुणी केला होता? मीच ना!

३१ जानेवारी

सकाळी पाणी भरून वर आले तर सासूबाई घरात नाहीत. देवळात नाहीत, शेजारी नाहीत. देवांच्या फळीवरची पत्र्याची पेटी उघडी. माझा जीव टांगणीला! चपला घालून तीनदा नाक्यापर्यंत जाऊन आले.

दोन वाजता आल्या. चेहरा उन्हाने लाल, हातात पाकीट.

एकट्या आंबिवलीला जाऊन आल्या! ज्या बाईला शेजारच्या आळीत जायलाही सोबत लागते, ती! फाटकावरचा गुरखा आत सोडेना, तर तिथेच पायरीवर बसल्या, साहेबांची गाडी येईपर्यंत. साहेबांच्या हातात आमची लग्नपत्रिका ठेवली — त्या पेटीत पाच वर्षं जपून ठेवलेली. तीवर छापलंय, चि. सौ. कां. चित्रा. आणि म्हणाल्या, "हीच पोर माझ्या घरात आहे. नाव मी बदललं, पत्रही मीच परत धाडलं. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. तिची शिक्षा मला द्या."

साहेबांनी तिथल्या तिथे नवं पत्र टाइप करवलं.

मी खाली बसले आणि त्यांचे पाय चेपायला घेतले. "पुरे गं, चहा कर," म्हणाल्या. रडत होत्या. मीही.

३ फेब्रुवारी

मुलाखत झाली. इंग्रजी बरं गेलं, एकदोनदा अडखळले. मग मला बोर्डाशी बसवून शेजारच्या खोलीतून कुणीतरी फोनवर ओरडायला लागलं — "अर्धा तास थांबलोय! काय झोपा काढता का?" मला पडद्याआडचा शेठ आठवला. हसू दाबलं. आवाज खाली घेतला. "जरा थांबा हं, जोडते."

पलीकडचा माणूस गप्पच झाला!

साहेबांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला इथे काय म्हणायचं? चित्रा की उत्तरा?"

"इथे चित्रा," मी म्हटलं. "घरी उत्तराच."

नंदाही होती. तिचंही चांगलं झालं म्हणाली. जागा एकच.

१२ फेब्रुवारी

दगडू आला. सासूबाईंनी त्याला दारातच धरला. "मोठ्याने वाच." त्याने वाचलं — चित्रा हरिहर आगाशे. "राहते, राहते! इथेच राहते!" साऱ्या चाळीने ऐकलं.

झाली नोकरी! एक मार्चपासून. ह्यांनी पेढे आणले. पहिला मी नंदाला देऊन आले. तिने घेतला, आणि माझा हात घट्ट दाबला.

१ मार्च

पहिला दिवस. साडेअकराला बाहेरची लाइन वाजली. मी म्हटलं, "नमस्कार, कोण बोलतंय?"

पलीकडून घसा खाकरून —

"बनू. गुहागरची बनू बोलतेय."

आवाज तर घरचा! "आई? नाक्यावरच्या डॉक्टरांच्या फोनवरून बोलताय? कुणाला जोडू?"

"कुणाला नको. तू विचारलं होतंस ना — आठवतं का म्हणून."