मसूर आणि धाकटीचे केस

३ जून
धाकटीचे केस गेले. बाथरूमच्या जाळीतला गुंता मीच काढला. डॉक्टर म्हणतात, केमोचा परिणाम. डॉक्टरांना आहार हा विषय परीक्षेला नसावा. केस म्हणजे प्रोटीन, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये आठवीत शिकवलं होतं. जिने जन्मभर चहा-बिस्किटांवर भागवलं, तिच्या डोक्यावर काय राहणार? उद्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं, एक बहीण काय जड आहे?

४ जून
सकाळी दोन अंडी. अकराला मसुराचं सूप. चारला भोपळ्याच्या बिया. रात्री पालक, वर लिंबू, म्हणजे लोह अंगी लागतं. तक्ता करून फ्रिजवर लावला. धाकटीने तो वाचला आणि विचारलं, ताई, यात मरायला कितीची वेळ ठेवलीयस?
असले विनोद मला खपत नाहीत.

१२ जून
हॉस्पिटलच्या डाएटिशियनला भेटले. पोरगी तिशीची, वेणी कमरेपर्यंत. म्हणाली, सध्या त्या मागतील ते द्या. मागेल ते आणून द्यायला वेटर असतो, त्याला पदवी लागत नाही, असं सुनावलं. पोरगी रडवेली झाली. मी माफी मागायला हवी होती, असं धाकटीचं म्हणणं. तिचं काय, ती जन्मापासून सगळ्यांच्या वतीने माफी मागत आलीय.

१९ जून
धाकटीला अंड्याची उलटी झाली. दोष अंड्याचा. अंडीवाल्याला झापलं. तो म्हणाला, आजी, आज सकाळचीच आहेत. आजी कोणाला म्हणतो? दुकान बदललं.

२८ जून
केमोला सुट्टी! डॉक्टर थोडं थांबू म्हणाले, असं धाकटीने सांगितलं. केबिनमध्ये ती एकटीच गेली, मला येऊ दिलं नाही. मी बाहेर बाकावर बिया सोलत बसले. सुधारणा दिसली की औषध थांबवतातच. श्रेय कोणी देणार नाही, मला अपेक्षाही नाही. पण निदान उल्लेख करायला हरकत नव्हती.

६ जुलै
भाच्याचा परदेशातून फोन. मावशी, आई काही बोललीय का तुझ्याशी? म्हटलं, नको इतकं बोलते, बोलणं कमी करेल तर चार घास जास्त जातील. मग फोन बंद. लाइन गेली असणार. आमच्या वेळी एक्स्चेंजमध्ये असला कारभार चालला नसता.

२५ जुलै
कानामागे लव! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पांढरी, पण लवच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डाएटिशियनला लगेच फोन केला. छान मॅडम, म्हणाली. आवाज अगदी बारीक. हरल्यावर माणसाचा होतोच.
धाकटीही हसली. मला म्हणाली, तुझ्या मसुराने कमाल केली.

१४ ऑगस्ट
डोकंभर केस. पण पाय सुजलेत, जिना चढवत नाही. उघड आहे, सगळं पोषण वर जातंय, खाली पुरत नाही. तिसरं अंडं सुरू.

१७ ऑगस्ट
धाकटीच्या केसांचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेले. मुद्दाम एकटीच. म्हटलं, तुम्ही घालवलेले मी आणले. बाकीच्या पेशंटांसाठी तक्ता हवा तर झेरॉक्स देते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, आजी, केमो थांबलं की केस येतातच.
आजी म्हणाले. एरवी सोडलं नसतं.
विचारलं, मग पुन्हा सुरू कधी?
त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. खुर्ची जवळ ओढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. म्हणाले, आता उपयोग नाही. तुमच्या बहिणीला जूनमध्येच सांगितलं. ताईला मी सांगते, म्हणाल्या होत्या.

१८ ऑगस्ट
धाकटीला विचारलं, का नाही बोललीस? म्हणाली, सांगणार होते गं. पण तू रोज सकाळी चष्मा लावून माझं डोकं तपासायचीस आणि इतकी खूश व्हायचीस. तुला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.
रागावणार होते. जमलं नाही.
ती दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. हात फिरवला. केस तान्ह्या बाळासारखे मऊ आहेत. खूप वर्षांनी, शाळेत शिकवलेली प्रार्थना म्हणायला गेले. शब्द आठवेनात. मग माझ्याच शब्दांत मागितलं.
देवा, ते औषध पुन्हा चालू दे. हे केस गळू देत.